वसंतात एका दिवसाचा डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा ओसरला, दिवस जरा लांबले, झाडांना पालवी फुटली की ओळखीपाळखीतून एकच विचारणा सुरू होते: "तो अमुक डोंगर एका दिवसात होईल ना गं?" तो अमुक डोंगर नेहमी नावाजलेलाच असतो. वाट मळलेली, ठिकठिकाणी पाट्या, माथ्यावर फोटो काढायला रांग. होतो एका दिवसात. पण त्या "होईल ना"च्या पोटात पंधरा-वीस प्रश्न दडलेले असतात आणि ते सगळे मला फोनवर विचारले जातात, बहुधा आदल्या रात्री साडेदहाला. म्हणून एकदाच इथे लिहून ठेवते. हे सगळं बर्फ पडणाऱ्या थंड मुलखातले, मध्यम उंचीचे डोंगर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

खाली फुलं फुलली आहेत, मग वर बर्फ कसा असेल?

असतो. दर १,००० मीटर चढलं की हवा सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने गार होत जाते. पायथ्याशी १२ अंश असताना तुम्ही बाह्या वर सारून उभे असता, तेव्हा १,२०० मीटर वरच्या माथ्यावर ४ अंश असतात, आणि वारा सुटला की अंगाला ते शून्याखालचेच वाटतात. स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस उंचीने जेमतेम १,३४५ मीटर, पण मे महिन्यातही त्याच्या माथ्यावर बर्फ सापडला तर कुणाला नवल वाटत नाही. जपानमधल्या फुजीचा (३,७७६ मीटर) चढाईचा अधिकृत हंगाम जुलैत सुरू होतो. मे महिन्यात तो खालून कितीही देखणा दिसला तरी वर रोकडा हिवाळा असतो. अमेरिकेतल्या १,९१७ मीटर उंचीच्या माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला होता. एप्रिलात! पायथ्याचा ऋतू बघून माथ्याचे कपडे ठरवू नका, एवढंच मला यातून सांगायचं आहे.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. आजूबाजूचं रान कोरडं झालेलं असतं, पानांचा पाचोळा दिसत असतो, आणि नेमकी वाट तेवढी पांढरी. कारण सोपं आहे. हिवाळाभर शेकडो बुटांनी त्या वाटेवरचा बर्फ दाबून दाबून घट्ट केलेला असतो. मोकळा बर्फ विरघळून जातो, हा दाबलेला चिवटपणे टिकतो. दिवसा वरचा थर पाणावतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी काचेसारखा गुळगुळीत होतो. म्हणजे डोंगर जितका लोकप्रिय, तितकी त्याची वाट वसंतात निसरडी.

मग नेमका कुठला महिना धरायचा?

महिना धरू नका, आठवडा धरा. एखाद्या वर्षी बर्फ लवकर जातो, एखाद्या वर्षी मुक्काम ठोकतो. गेल्या चार-पाच दिवसांत वर जाऊन आलेल्या कुणाचा फोटो मिळाला तर तो वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी. हवामानाचा अंदाज बघताना शहराचा बघू नका, माथ्याच्या उंचीचा बघा. वाट अधिकृतपणे बंद असेल तर विषय संपला. "आपण हळूच जाऊ" हे तिथे चालत नाही.

घरून किती वाजता निघायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या दीड तास आधी. लोक समजतात की हे वाहनतळावर जागा मिळावी म्हणून. तेही आहेच. पण खरं कारण पायाखाली आहे. रात्री गोठलेला बर्फ सकाळी टणक असतो, त्यावरून चालता येतं. दुपारी तो पिठासारखा भुसभुशीत होतो आणि प्रत्येक चौथ्या पावलाला पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो. मोठ्या दगडांच्या आणि झाडांच्या बुंध्यांच्या कडेने तर हमखास, कारण तिथे बर्फ खालून पोकळ झालेला असतो. असं अर्धा तास चाला, मग कळेल दम म्हणजे काय. पाय आत गेलेला असताना अंग पुढे झुकलं तर गुडघा पिरगळतो, म्हणून तिथे घाई नको. आधी तोल सावरायचा, मग पाय सरळ वर ओढायचा.

उघड्या, तिरक्या बर्फाळ उतारांवर दुपारची ऊब आणखी धोक्याची. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, आणि ओलं झालेलं बर्फ स्वतःच्या वजनाने सुटू शकतं. तुमची वाट अशा उताराखालून किंवा त्यावरून जात असेल तर त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय निघू नका. इशारा वाचूनही काय करायचं ते कळत नसेल तर दुसरा डोंगर निवडा. यात कमीपणा काही नाही.

जाऊन येऊन किती तास लागतील?

१८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशेब मांडला, तो अजूनही चालतो: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि चढ ९०० मीटर. अंतराचे साधारण अडीच तास, चढाईचा दीड; झाले चार. पण हे चार तास धडधाकट माणसाचे, कोरड्या वाटेवरचे, न थांबता चालण्याचे. वसंतात चिखल, बर्फ, कपडे काढणं-घालणं, फोटो, "थांब गं जरा" हे सगळं मिळवा. मी सरळ दीडपट करते. म्हणजे सहा तास. गटात दहाजण असतील तर सात, कारण गट सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतो आणि तसाच चालायला हवा.

परत फिरण्याची वेळ ठरवायची म्हणजे काय?

पायथ्याशी, पोट भरलेलं आणि डोकं ठिकाणावर असताना, एक वेळ ठरवायची: माथा आला नाही तरी अमुक वाजता पाठ फिरवायची. सूर्यास्तापासून मागे मोजा, उतरायला लागणारे तास वजा करा, वर एक तास हाताशी ठेवा. निघेल ती वेळ. ती सगळ्यांना मोठ्याने सांगा, म्हणजे नंतर "असं कधी ठरलं होतं?" होत नाही.

हे सांगायला सोपं, पाळायला जड. एकदा आमची वेळ दुपारी दोनची होती. दोनला दहा मिनिटं कमी असताना आम्ही शेवटच्या धारेखाली होतो. माथ्यावरची माणसं, त्यांच्या टोप्यांचे रंगसुद्धा दिसत होते. उतरणारा प्रत्येकजण सांगत होता, "आलंच की, वीस मिनिटं." पण त्या दिवशी आम्ही आधीच चाळीस मिनिटं मागे पडलो होतो, आणि त्यांची वीस मिनिटं आमची पस्तीस झाली असती. फिरलो. एकीने माझ्याशी तासभर अबोला धरला. खाली जंगलातला शेवटचा निसरडा टप्पा उतरलो तेव्हा जेमतेम उजेड होता, आणि तिथे मला कळलं की माझ्या हेडटॉर्चच्या बॅटऱ्या मेल्या आहेत. आदल्या रात्री तपासायच्या राहिल्या होत्या. अंधारात तो टप्पा मी कशी उतरले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

धावायचे बूट चालतील का?

पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाट कोरडी असल्याची खात्री असेल तर चालतील. वसंतात ती खात्री फारशी कुणाला देता येत नाही. खोल नक्षीचा तळ, घोट्याला आधार आणि निदान तासभर पाणी आत न घेणारे बूट बरे. नवे कोरे बूट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. टाचेवर चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे थांबा, मोजा काढा, पट्टी लावा. "पुढच्या वळणावर बघू" म्हणणाऱ्यांना पुढच्या वळणापर्यंत फोड आलेला असतो. आणि जादा मोज्यांचा एक जोड सॅकमध्ये हवाच.

मायक्रोस्पाइक्स खरंच लागतात का, की दुकानदाराची हौस?

घट्ट बर्फाच्या वाटेवर लागतात. बुटावर चढवायची रबराची पट्टी आणि खाली साखळीत गुंफलेले छोटे पोलादी दात, असा हा प्रकार. सॅकच्या तळाशी ठेवू नका, वरच्या कप्प्यात ठेवा. माणसं ते घालायचा कंटाळा करतात आणि एकदा आपटल्यावरच काढतात. घालायची जागा निसरडं सुरू व्हायच्या आधीची, सपाट. निसरड्यावर मध्येच एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात ते ओढून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

त्यांची मर्यादाही ओळखून असा. मळलेल्या, सौम्य चढाच्या वाटेवर ते छान पकड देतात. उभ्या टणक बर्फावर, जिथे घसरलं तर थांबायला काही नाही, तिथे ते पुरत नाहीत. तिथे क्रॅम्पॉन (बुटाखाली घट्ट बांधायचे लांब पोलादी दात), आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि ते वापरण्याचं शिक्षण लागतं. असा टप्पा समोर आला तर परत फिरा. वर चढून गेलेल्याला तोच टप्पा उतरायचाही असतो.

कपडे कसे असावेत?

थरांनी. अंगालगत घाम टिपून वाळणारं कापड, वर ऊब देणारं काही, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स नकोत, कारण सुती कापड एकदा भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांच्या चढातच अंग तापतं. जॅकेट घालून घामाघूम होऊन माथ्यावर पोचलात की तोच घाम वाऱ्यात गार पडतो आणि दातखिळी बसते. टोपी आणि हातमोजे खाली फुलं बघून गाडीत ठेवणारे खूप भेटतात. मी एक जादा जोड ठेवते, दरवेळी कुणाला तरी लागतोच.

उन्हाचं काय? हवा तर गार आहे.

म्हणूनच फसगत होते. दर १,००० मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते, आणि ताजा पांढरा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं: हनुवटीखाली, नाकपुड्यांपाशी. तिथेही क्रीम लावा. गडद चष्मा शोभेचा नाही. बर्फावर उघड्या डोळ्यांनी दिवस काढला तर काही तासांनी, बहुधा घरी पोचल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर, पाणी आणि प्रकाश सहन न होणं सुरू होतं.

पाणी किती घ्यायचं? वाटेत झरे आहेत म्हणे.

तासाला साधारण अर्धा लिटर धरा. सहा तासांना तीन लिटर होतात. जड वाटतं, पण उतरताना रिकामं होतं. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसो, गाळून-निर्जंतुक करून किंवा उकळूनच प्या. वितळलेलं पाणी वरून जनावरांची विष्ठा धुऊन आणतं, आणि जिआर्डियासारखा परजीवी डोळ्यांना दिसत नाही. पोट बिघडतं ते आठवड्या-दोन आठवड्यांनी, तेव्हा त्या झऱ्याची आठवणही राहिलेली नसते.

खाण्याचं थोडक्यात: भूक लागायच्या आधी, थोडं थोडं, हातमोजे घालून उघडता येईल असं.

वाटेवर चिखल असेल तर कडेने जायचं ना?

नाही. मधून जायचं, बूट भरू द्यायचे. हे ऐकून लोक माझ्याकडे बघत राहतात. पण बर्फ वितळताना वरची माती पाण्याने फुगलेली असते आणि खालची अजून गोठलेली, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नसते. अशात प्रत्येकजण चिखल टाळून कडेच्या गवतावरून गेला की गवत मरतं, कड खचते आणि पाऊलवाटेची बैलगाडीची वाट होते. लोकप्रिय डोंगरांवर वाटेची अशी रुंदच रुंद जखम सगळ्यांनी पाहिली असेल. चिखल फारच असेल तर तो डोंगर पंधरा दिवसांनी करा.

सकाळी ओहोळ सहज ओलांडला. परतीची काळजी नको ना?

करा काळजी. बर्फ दिवसभर वितळतो आणि ओहोळाचं पाणी दुपारनंतर चढतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं संध्याकाळी गुडघ्यापर्यंत येऊ शकतं, आणि गार पाण्यात पाय लगेच बधिर होतात. ओलांडायची वेळ आलीच तर पात्र रुंद असेल तिथे ओलांडा, तिथे पाणी उथळ असतं. बूट पायातच ठेवा, सॅकचे पट्टे सोडून ठेवा. ओहोळावर बर्फाचा पूल दिसला तर त्यावर पाय देऊ नका. खालून तो किती पोखरला आहे ते वरून कळत नाही.

ढगांचा गडगडाट ऐकू आला तर?

खाली. लगेच. फोटो न काढता. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही त्याच्या टप्प्यात आहात. धार, माथा, एकटं झाड, कड्यातली उथळ कपार, सगळं सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर चढायचं नाव काढू नका.

एवढी गर्दी असते, मग भीती कसली?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. टोकियोजवळच्या ताकाओ डोंगरावर वर्षाला २५ लाखांच्या आसपास माणसं जातात. तो ५९९ मीटरचा आहे, अर्ध्या चढापर्यंत केबल कार आहे. तिथली गर्दी आणि बर्फाळ धारेवरची गर्दी एकच नव्हे. गर्दीमुळे आपण नकाशा बघत नाही, पुढच्याच्या टाचा बघत चालतो. पुढचा चुकला की त्याच्यामागे वीसजण चुकतात. "इतके लोक चाललेत म्हणजे ठीकच असेल" असं त्या वीसांपैकी प्रत्येकजण मनात म्हणत असतो.

गर्दीतला दुसरा धोका वरून येतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. रात्री भेगांत गोठायचं, दिवसा वितळायचं, असं महिनाभर चाललं की दगड सैल होतात. त्यात वरच्याचा पाय लागला की धोंडा खालच्यांच्या दिशेने निघतो. तुमच्या पायाखालून सुटला तर "दगड! दगड!" असं जिवाच्या आकांताने ओरडा, लाजू नका. सैल दगडांच्या घसाऱ्याखाली डबे उघडून बसू नका.

अरुंद वाटेवर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची रीत आहे, पण चढणारा बहुधा दम खायला निमित्तच शोधत असतो, त्यामुळे तोच थांबतो. थांबताना डोंगराच्या अंगाला थांबा, दरीच्या नको.

लहान मुलं आणि सत्तरीचे बाबा येणार म्हणतात, न्यावं का?

बाबा रोज चालत असतील तर तुमच्यापेक्षा ते बरे चालतील. मुलांना दम लागत नाही, कंटाळा येतो, आणि थंडी वाजते ते ती सांगत नाहीत. दर तासाला त्यांचे हात चाचपून बघा. माणूस अडखळायला लागला, बोलणं बोबडं झालं, चिडचिडा किंवा गप्प झाला तर ते थंडीचं लक्षण समजा. ओले कपडे बदला, वाऱ्याआड घ्या, खायला द्या, उतरा. मुलांना किंवा बाबांना अर्ध्यातून परतावं लागलं तर सोबत कोण फिरणार, हे खालीच ठरवा.

मोबाइलवर नकाशा आहे, पुरेल?

ऑफलाइन उतरवून घेतला असेल आणि फोन जिवंत राहिला तर. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवा, फ्लाइट मोडवर टाका. कागदी नकाशा सोबत असूद्या. आणि कुठली वाट, किती वाजता परत, हे घरी कुणाला तरी लिहून द्या.

वाट चुकली असं वाटलं तर आधी थांबा. शेवटचं खात्रीचं ठिकाण आठवा, दिसत असेल तर तिथवर मागे जा. "खाली गेलं की गाव लागेलच" म्हणून ओढ्याने उतरू नका, ओढे कड्यावरून उडी मारतात. मदत हवी असेल तर शिट्टी: मिनिटभरात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

उतरताना गुडघे दुखतात, काय करू?

पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, दोन काठ्या वापरा आणि उतारावर त्या थोड्या लांब करा. उतारावर धावू नका. थकवा, ओले बूट आणि "झालंच आता" ही भावना, तिन्ही एकाच वेळी येतात ती शेवटच्या तासात.

गोचीड चावते म्हणे?

गवताळ, झाडीच्या पट्ट्यात वसंतापासून सुरू होते. विजार मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागचा भाग, केसांची कड तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, चटका काही नको. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

आल्यावर भिजलेल्या बुटांचं काय?

हीटरला टेकवून ठेवू नका, तळ सुटतो. आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. चिखल ओला असतानाच धुवा. आणि मायक्रोस्पाइक्स त्या ओल्या पिशवीत तसेच विसरू नका. पुढच्या वेळी काढाल तेव्हा दातांवर गंज चढलेला असेल. माझ्या पहिल्या जोडीवर होता.